पासोडी, पुराण आणि जात्यावरची ओवी

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव योगेश्वरीच्या मंदिरामुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते आणखी दोन नावांमुळे जवळचे वाटते. पहिले नाव मुकुंदराजांचे. शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, रचलेला म्हणून मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ हा त्यांचा ग्रंथ. त्याचा काळ व मुकुंदराजांचे स्थान यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि काही जण ते स्थान विदर्भात शोधतात; परंतु समाधी आपल्याच डोंगरात आहे अशी अंबाजोगाईकरांची श्रद्धा आहे. दुसरे नाव दासोपंतांचे. त्यांच्याविषयी असा वाद नाही. त्यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ हे वेदान्ताचे प्रकरण ओवीबद्ध केले. ती ‘पासोडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पांघरायच्या जाड कापडावर तत्त्वज्ञान लिहावे, ही कल्पना मराठी माणसालाच सुचावी!

दासोपंतांचा जन्म १५५१ चा आणि देहावसान शके १५३७ मधील, म्हणजे १६१५-१६ च्या सुमाराचे. हा काळ वाचताना आम्हां ख्रिस्ती वाचकांना दुसऱ्या एका माणसाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये त्यांनी त्याच भूमीत देह ठेवला. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. दासोपंतांनी बालाघाटच्या डोंगरात शेवटची ओवी लिहिली आणि फादर स्टीफन्स यांची पहिली ओवी साष्टीत छापून निघाली, या दोन घटनांत फार तर वर्षादोन वर्षांचे अंतर असावे. दोघांची भेट झाली असे म्हणण्यास काहीच आधार नाही. एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक नसेल. परंतु गहन तत्त्व सांगायचे तर ते लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या छंदात सांगावे, या निर्णयापर्यंत दोघेही आपापल्या वाटेने आले होते.

आज या दोघांना एकत्र आठवण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. आमच्या धर्मग्रामांतील महाविद्यालयात जाणारी मुले आम्हांला जे प्रश्न विचारतात, त्यांत दोन प्रश्न पुनःपुन्हा येतात. आपली श्रद्धा या मातीतली की बाहेरची, हा एक. आणि विज्ञान, समता, संविधान यांच्या युगात ती टिकते कशी, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना पाठ केलेली उत्तरे देता येतात. ती आम्हीही दिली आहेत. पण पाठ केलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणून इतिहासाकडे वळावे.

पुराण मागणारे लोक

‘ख्रिस्तपुराणा’चा जन्म कसा झाला, हे त्या ग्रंथाच्या आरंभीच सांगितलेले आहे. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांपैकी एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न साधा आहे, पण त्यात केवढे दुःख आहे! ज्या समाजाचा दिवस ओवीने सुरू होत होता आणि रात्र कीर्तनाने संपत होती, त्या समाजाच्या तोंडून त्याचे गाणे काढून घेतले गेले होते. लोक प्रश्नोत्तरी पाठ करीत होते. परंतु प्रश्नोत्तरीने बुद्धीची सोय होते, जिभेची आणि काळजाची होत नाही.

फादर स्टीफन्स यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. ‘पैले पुराण’ जुन्या कराराचे, ‘दुसरे पुराण’ प्रभू येशूच्या जन्मापासूनचे. तेव्हा गोव्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून तो रोमन लिपीत छापला गेला. भाषा मात्र मराठी, अधूनमधून कोकणी वळणाची. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले, प्रभूला ‘स्वामी’ म्हटले, आणि जिथे जुना शब्द नव्या अर्थाला पुरेसा वाटला नाही तिथे लॅटिन वा पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला. कोणता शब्द घ्यावा, कोणता घेऊ नये, हा खरा ईशज्ञानाचा प्रश्न होता. ईशज्ञान हे केवळ सेमिनरीच्या वर्गात शिकवले जाते असे आम्हांला तरुणपणी वाटे. वस्तुतः एका शब्दासाठी अडून बसलेला अनुवादक हा सर्वांत मोठा ईशज्ञानी असतो.

तथापि, येथे थांबून केवळ गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या साष्टीत हे पुराण गायले गेले, त्याच साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायसभा बसली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची व त्यांच्या सोबत्यांची हत्या झाली, त्यांना आपण हुतात्मे म्हणून वंदन करतो. परंतु त्यानंतर वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावलेल्या गावच्या प्रमुखांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ठार केले, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. फादर स्टीफन्स यांचा ग्रंथ प्रेमाने लिहिला गेला. पण त्या प्रेमाच्या पाठीमागे तलवार उभी होती आणि ऐकणाऱ्याला ती दिसत होती.

या ठिकाणी दासोपंतांच्या चरित्रातील एक कथा ध्यानात घेण्यासारखी आहे. परंपरा अशी सांगते की, वसुलीचे द्रव्य वेळेवर भरले गेले नाही म्हणून बिदरच्या बरीदशाही दरबाराने बालवयातील दासोपंतांना ओलीस ठेवले आणि मुदतीत द्रव्य न आल्यास त्यांना धर्मांतर करावे लागेल असे बजावले. अखेर श्रीदत्त एका सेवकाच्या रूपाने आले व त्यांनी द्रव्य भरले, असा भाविकांचा विश्वास आहे. कथेतील चमत्काराविषयी ज्याने त्याने आपले मत ठेवावे. पण त्या मुलाची भीती खरी होती, हे कोण नाकारील? तीच भीती त्या शतकात साष्टीतील मुलांनीही अनुभवली असेल आणि तिथे राज्य आपल्या धर्माच्या नावाने चालले होते. हे मान्य केल्याने श्रद्धा उणी होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असे निःसंदिग्धपणे सांगितले. पुढे १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून सत्याच्या नावाखाली घडलेल्या हिंसेबद्दल रोममध्ये जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. ज्या ख्रिस्तसभेचे सर्वोच्च धर्मगुरू क्षमा मागू शकतात, तिच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूने इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पुराण कोणी राखले?

‘ख्रिस्तपुराणा’च्या पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. रविवारी व सणावारी ते मंदिरांतून वाचले जाई. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हॉइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि हवा पालटली. नवल असे की, त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. मग पुराण आपल्यापर्यंत आले कसे? ते हस्तलिखितांतून आले. गोवा सोडून दक्षिणेस कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले, घरात ठेवले, पावसाळ्याच्या संध्याकाळी वाचले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून त्याची आवृत्ती काढली. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनला जाऊन पडले होते, ते विसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत मराठी वाचकांच्या हाती दिला.

छापखाना राज्यकर्त्यांच्या परवानगीने चालत होता, आणि त्याने छापलेल्या प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. कुटुंबांनी जपलेली प्रत मात्र उरली. ही गोष्ट आमच्या धर्मग्रामांतील प्रत्येक घराने मनावर कोरून ठेवावी अशी आहे. तिच्याकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहोत.

नव्या विचारांशी संवाद

एकोणिसाव्या शतकात संवादाचे स्वरूप बदलले. आता समोर राजसत्ता नव्हती, नवा विचार होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी सर्वच धर्मांना समतेच्या कसोटीवर घासून पाहिले आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापिला. १८६७ मध्ये मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाच्या रानडे-भांडारकरांनी एकेश्वरवाद आणि तुकोबांची भक्ती यांचा मेळ घातला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी कीर्तन, अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांची संगत उभी केली. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे होते, म्हणून त्या काळात आपल्या कॅथलिक घरांत त्यांची गाणी चोरूनच गायली गेली असतील. आज ती आपल्या उपासनेत मोकळेपणी गायली जातात, हे परिषदेचे देणे आहे.

परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत मातृभाषेला दार उघडले आणि १९६५ मध्ये इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य यांचा आदर करण्यास सांगितले. महाराष्ट्रात काही विद्वान धर्मगुरूंनी हे आधीपासूनच ओळखले होते. फ्रेंच येशूसंघीय फादर गी दलरी यांनी विठ्ठलभक्तीवर लिहिलेला प्रबंध १९६० मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला. जर्मनीहून आलेले फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनाचा अभ्यास करून १९७६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रकाशित केला आणि पुण्याच्या स्नेहसदनातून हिंदू-ख्रिस्ती स्नेहाचे काम केले. परक्या देशातून आलेल्या या माणसांनी आपल्या शेजाऱ्यांचे विचार वाचण्यासाठी आयुष्य वेचले. आपण इथेच जन्मलो म्हणून ते वाचण्याची आपल्याला गरज नाही, असे समजणे केवढी मोठी चूक होय!

विज्ञानाच्या प्रश्नाचेही असेच आहे. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून शोधणारे मेंडेल हे ऑगस्टिनियन मठवासी होते. याच ख्रिस्तसभेने १६३३ मध्ये गॅलिलिओला दोषी ठरवले, हेही खरे; त्या चुकीची जाहीर कबुली १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दिली आणि १९९८ च्या आपल्या परिपत्रकात श्रद्धा व बुद्धी यांना मानवी आत्म्याचे दोन पंख म्हटले. ज्या मुलाला हा सगळा इतिहास सांगितला जातो, त्याला प्रयोगशाळा आणि वेदी यांपैकी एक निवडावे लागत नाही.

कोणाची संस्कृती?

येथवर आलो की, आमच्या बीड जिल्ह्यातील वाचक एक रास्त प्रश्न विचारतील. फादर, ही सगळी पंडितांची गोष्ट झाली. वैकुंठ, पुराण, वेदान्त हे ज्यांचे होते, त्यांच्याशी तुमचा संवाद झाला. आमच्या वाडवडिलांना तर त्या देवळाच्या पायरीशी उभे राहू दिले जात नव्हते. आमच्या संस्कृतीशी कोण बोलले?

हा प्रश्न टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या मुलखात संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे फ्रेंच धर्मगुरू खेड्यांतून फिरू लागले, तेव्हा त्यांच्याकडे जे लोक आले ते मुख्यत्वे गावकुसाबाहेरचे होते. पुढे १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला आणि बीड जिल्हा त्यात आला. या लोकांना श्रद्धेची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत; शीख बांधवांना त्या १९५६ मध्ये व बौद्ध बांधवांना १९९० मध्ये मिळाल्या. जातीचा डाग बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाच्या नजरेतून धुतला जात नाही, पण कागदावर मात्र तो धुतला गेला असे धरले जाते. ही विसंगती ज्यांच्या घरात रोज जेवायला बसते, त्यांना संस्कृतीवर व्याख्यान देताना आम्हांला संकोच वाटतो.

याच जिल्ह्यातील माजलगावचे एक उदाहरण सांगतो. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी प्वातव्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांकडून ज्या ओव्या त्यांना मिळाल्या, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध होते. ज्या छंदात दासोपंतांनी वेदान्त सांगितला आणि स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र सांगितले, त्याच छंदात या अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या स्त्रिया समतेचा आधुनिक विचार दळणाबरोबर दळत होत्या. कोणी त्यांना ‘सांस्कृतिकीकरण’ शिकवले नव्हते. नवा विचार पटला, तो ओठावर आला, आणि ओठावर ओवी होतीच.

आमच्या मते आपल्या ईशज्ञानाची खरी परीक्षा इथे आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा, पाचटाच्या कोपीत राहायचे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्या वस्त्यांवरील निम्मी घरे कुलूपबंद असतात. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ब्याऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. खाडा पडला की दंड, म्हणून दुखणे अंगावर काढायचे आणि अखेर शस्त्रक्रिया करून घ्यायची. ‘शब्द देही झाला’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील तत्त्व आम्ही सेमिनरीत ग्रीक शब्दांच्या आधारे शिकलो. त्या देहाविषयी या बाईशी बोलायचे असेल तर कोणती भाषा वापरावी, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे असे सांगितले. दुष्काळी मराठवाड्यातील माणसाला त्यासाठी भाष्याची गरज पडत नाही.

धाराशिवची सभा

२०२० च्या जानेवारीत शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या पदावर बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला. परंतु मराठी रसिकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे मोठे काम, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला होता. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी त्यांनी केलेला संघर्षही त्यांच्या शब्दांइतकाच बोलका होता. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले. फादर स्टीफन्स यांच्या भाषेच्या पाठीशी तलवार होती. फादर दिब्रिटो यांच्या पाठीशी भाषेखेरीज काही नव्हते. चारशे वर्षांत ख्रिस्तसभा काय शिकली, असे कोणी विचारल्यास आम्ही हे अंतर दाखवू.

एक राहून गेलेले काम

शेवटी आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नव्याने धर्मगुरू झालो असताना, एका वस्तीवर सकाळच्या मिस्सासाठी लवकर पोहोचलो. एक वृद्ध माता दळत बसली होती आणि ओवी म्हणत होती. त्या ओवीत पवित्र मरिया डोंगर ओलांडून एलिझाबेथकडे निघाली होती. पण ती माहेरवाशिणीसारखी निघाली होती, पायात चप्पल नव्हती आणि वाटेत तिला पाणी देणारे कोणी नव्हते. आम्हांला ते गोड वाटले. परंतु शुभवर्तमानात असे काही नाही, असेही आम्ही मनात म्हटले, आणि मिस्साची तयारी करायला गेलो. काही वर्षांनी ती माता वारली. तिच्या सुनेला त्या ओव्या येत नव्हत्या. तोवर गावात पिठाची गिरणी आली होती.

वाटेत पाणी कोणी दिले नाही, या एका तपशिलात त्या बाईने आपल्या साऱ्या जन्माचे ईशज्ञान सांगितले होते. आम्ही ते ऐकले आणि लिहून घेतले नाही. साष्टीच्या लोकांना पुराण मागावे लागले; आमच्या लोकांनी ते स्वतःच रचले होते आणि मागायचे होते ते आम्ही.

म्हणून धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती आहे. घरात आजी असेल, पणजी असेल, तर येत्या उपवासकाळात तिच्यापाशी बसा. ओवी, पाळणा, क्रूसाच्या वाटेची गाणी, सणाची गाणी जे आठवेल ते मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. गावाचे नाव व साल लिहावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये आणि शुभवर्तमानाशी जुळत नाही म्हणून काही खोडू नये. ते जुळवण्याचे काम आमचे. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी जे केले तेच हे काम आहे. वह्या आमच्याकडे आल्या म्हणजे त्यांची एक प्रत मंदिरात राहील आणि मूळ वही ज्याच्या त्याच्या घरी परत जाईल.